४० वस्तुमानाचे शिखर कॅल्शियमचे आहे, पण ते कोणत्या लेझरने तयार झाले?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातील एका संशोधक विद्यार्थिनीने जुन्या उपकरणांची डागडुजी करून कॅल्शियमच्या अणूंचे लेझरने आयनीभवन करण्याची (अणूतला इलेक्ट्रॉन सोडवून आयन बनवण्याची) मांडणी उभी केली आहे. तिच्यातला एनडी-याग हा स्फटिकाचा लेझर सेकंदाला १० पल्स (प्रकाशाचे क्षणिक झोत) देतो. त्याच्या ३५५ नॅनोमीटरच्या किरणाचा काही भाग डाय लेझर (रंगद्रव्याच्या द्रावावर चालणारा, तरंगलांबी बदलता येणारा लेझर) चालवण्यासाठी वापरला जातो आणि उरलेला भाग थेट निर्वात चेंबरमध्ये येतो. छोट्या भट्टीतून निघणाऱ्या कॅल्शियमच्या वाफेला हे दोन्ही किरण छेदतात आणि तयार झालेले आयन २००० व्होल्टने ढकलले जाऊन १ मीटर लांबीच्या नळीतून मायक्रोचॅनल प्लेट या आयन टिपणाऱ्या डिटेक्टरवर पोहोचतात, हलके आधी आणि जड नंतर. ऑसिलोस्कोपवर २३, ३९, ४० आणि ४१ या वस्तुमानांची शिखरे दिसतात. मात्र वेव्हमीटरवर (तरंगलांबी मोजणाऱ्या उपकरणावर) पाहत डाय लेझरची तरंगलांबी ४२२.६० पासून ४२२.७५ नॅनोमीटरपर्यंत फिरवली, तरी ४० चे शिखर वाढतही नाही आणि घटतही नाही. चूक कुठे आहे, या मांडणीतून समस्थानिकांचे प्रमाण काढता येईल का, आणि पुढे आयनीभवन ऊर्जा मोजता येईल का, असे तीन प्रश्न विचारले आहेत.

तुमच्या वर्णनावरून मला मांडणीत बिघाड दिसत नाही. दोन वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी घडत आहेत आणि म्हणून चित्र गोंधळाचे झाले आहे. पहिली गोष्ट अशी की ४० चे शिखर बहुधा कॅल्शियमचेच आहे, पण ते एकट्या ३५५ नॅनोमीटरच्या किरणाने तयार होत आहे. डाय लेझरचा त्यात वाटा नाही. दुसरी गोष्ट अशी की डाय लेझर अजून कॅल्शियमच्या रेषेवर, म्हणजे त्याचे अणू शोषतात त्या नेमक्या तरंगलांबीवर, आलेलाच नाही, कारण तुमचा वेव्हमीटर निर्वातातील तरंगलांबी दाखवत असावा आणि तुम्ही पुस्तकातील हवेतील तरंगलांबी शोधत आहात.

आधी ऊर्जेचा हिशेब पाहू, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. कॅल्शियमच्या अणूची आयनीभवन ऊर्जा ६.११३ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. ४२२.७ नॅनोमीटरचा एक फोटॉन २.९३ इलेक्ट्रॉनव्होल्ट आणतो आणि अणूला मूळ अवस्थेतून पहिल्या तीव्र उत्तेजित अवस्थेत नेतो. तिथून ३५५ नॅनोमीटरचा एक फोटॉन ३.४९ इलेक्ट्रॉनव्होल्टची भर घालतो. दोन्ही मिळून ६.४२ होतात आणि इलेक्ट्रॉन सुटतो. तुम्हाला हवी असलेली वाट ही आहे. पण ३५५ नॅनोमीटरचे दोन फोटॉन एकाच वेळी शोषले गेले तर त्यांची बेरीज ६.९९ होते, म्हणजे डाय लेझरची गरजच उरत नाही. अशा द्विफोटॉन शोषणाची शक्यता एरवी फार कमी असते, परंतु काही नॅनोसेकंदांच्या पल्समधली सगळी ऊर्जा भिंगाने एका बिंदूवर गोळा केली की ती सहज जाणवण्याइतकी वाढते. तुम्ही ३५५ च्या वाटेत भिंग ठेवले असेल, तर ते आजच काढावे, असे मी सुचवेन.

उलट बाजूने, डाय लेझरच्या दोन फोटॉनांची बेरीज ५.८७ इलेक्ट्रॉनव्होल्टच होते. ती कॅल्शियमला पुरत नाही, पण पोटॅशियमला (४.३४) आणि सोडियमला (५.१४) पुरते. हा फरक लक्षात ठेवावा, कारण निदानाची किल्ली त्यातच आहे.

हे निदान पुठ्ठ्याच्या एका तुकड्यानेही करता येते. दोन्ही किरण चालू, फक्त डाय लेझर चालू, फक्त ३५५ चालू आणि दोन्ही अडवलेले, अशा चार स्थितींत प्रत्येक वेळी निदान ५०० पल्सची सरासरी घेऊन २३, ३९, ४० आणि ४१ या शिखरांचे क्षेत्रफळ वहीत लिहावे. फक्त ३५५ चालू असताना ४० चे शिखर जसेच्या तसे राहिले, तर माझा अंदाज खरा ठरेल. फक्त डाय लेझर चालू असताना ४० चे शिखर जवळजवळ नाहीसे व्हायला हवे. ते तरीही दिसले, तर डाय लेझरच्या किरणाबरोबर ३५५ चा उरलेला अंश चेंबरमध्ये शिरत आहे असे समजून योग्य फिल्टर लावावा. दोन्ही अडवूनही काही दिसत असेल, तर ते आयन प्रकाशाने नव्हे, भट्टीच्या तप्त पृष्ठभागावर तयार होत आहेत.

डाय लेझर रेषेवर आल्यानंतर या चारांत पाचवी नोंद मिळवावी: दोन्ही किरण चालू, पण डाय लेझर रेषेपासून ०.१ नॅनोमीटर बाजूला. माझ्या मते लेझरने आयनीभवन करण्याच्या या शाखेतली सर्वांत महत्त्वाची नोंद हीच आहे. मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे तुमची ही आयनांची नळी, वस्तुमान सांगतो, मूलद्रव्य सांगत नाही. मूलद्रव्य कळते ते प्रकाशाच्या तरंगलांबीवरून. एखादे शिखर योग्य वस्तुमानावर आहे आणि तरंगलांबी किंचित सरकवताच ते कोसळते, अशी दुहेरी साक्ष मिळाल्याशिवाय मी कोणत्याही शिखराला मूलद्रव्याचे नाव देत नाही.

आता तरंगलांबीच्या चुकीकडे वळतो. बहुतेक तक्त्यांत कॅल्शियमची रेषा ४२२.६७३ नॅनोमीटर अशी दिलेली असते आणि ती हवेतील किंमत असते. निर्वातात तीच रेषा ४२२.७९२ नॅनोमीटरवर येते, कारण हवेचा अपवर्तनांक १ पेक्षा सुमारे ०.०००२८ ने अधिक आहे. हा फरक ०.१२ नॅनोमीटरचा, म्हणजे वारंवारितेत सुमारे २०० गिगाहर्ट्झचा आहे, तर तुमच्या डाय लेझरची रेषारुंदी (त्याच्या प्रकाशाच्या वारंवारितेचा पसारा) फार तर काही गिगाहर्ट्झ असेल. तुम्ही ४२२.७५ ला थांबलात आणि रेषा त्यापुढे ०.०४ नॅनोमीटरवर होती. मी स्वतः सुरुवातीच्या काळात याच चुकीपायी सलग तीन दिवस घालवले आहेत. भट्टी बदलली, आरसे पुन्हा जुळवले, डिटेक्टरवर संशय घेतला आणि शेवटी वेव्हमीटरच्या पडद्याच्या कोपऱ्यात ‘निर्वात’ असा छोटा शब्द दिसला. तेव्हापासून मी वहीत तरंगलांबी लिहिणे सोडून तरंगसंख्याच (एका सेंटिमीटरात किती तरंग मावतात तो आकडा) लिहितो. कॅल्शियमच्या या रेषेची तरंगसंख्या प्रति सेंटिमीटर २३,६५२.३ आहे.

वेव्हमीटरवर सर्वस्वी विसंबू नये, म्हणून एक साधा आणि स्वस्त उपाय सांगतो. ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन यंत्रात वापरला जाणारा कॅल्शियमचा किंवा कॅल्शियम-मॅग्नेशियमचा हॉलो कॅथोड दिवा (पोकळ कॅथोडमध्ये त्या धातूची वाफ चमकते असा दिवा) मिळवावा. आपल्या जिल्ह्यात उसाच्या शेतीमुळे माती परीक्षणाची कामे बरीच चालतात आणि अशा प्रयोगशाळांत विश्लेषणासाठी बाद ठरवलेले दिवे पडून असतात. आपल्या कामाला असा क्षीण झालेला दिवाही चालतो. दिव्यातून ५ ते १० मिलिअँपिअर प्रवाह सोडावा, डाय लेझरचा किरण हलका करून कॅथोडच्या पोकळीत सोडावा आणि दिव्यावरच्या व्होल्टेजमधला बदल एका कपॅसिटरमधून ऑसिलोस्कोपवर घ्यावा. रेषा जुळली की दिव्याच्या विद्युत्‌विमोचनात क्षणभर फरक पडतो आणि पडद्यावर काही मायक्रोसेकंद टिकणारी स्पष्ट लाट उमटते. किरण पोकळीच्या काठाला घासू देऊ नये, कारण कॅथोडच्या धातूतून प्रकाशाने इलेक्ट्रॉन सुटतात आणि तरंगलांबीशी संबंध नसलेला खोटा संकेत मिळतो. दिव्यातील निऑनच्या रेषाही अशाच दिसतात. त्यांचा उपयोग डाय लेझरचे अंशांकन तपासण्यासाठी होतो.

रेषा सापडली की लगेच दुसरी अडचण येईल आणि ती बहुतेकांना उलटी वाटते: डाय लेझरची ऊर्जा जास्त असणे. कॅल्शियमचे हे संक्रमण इतके तीव्र आहे की त्याला संपृक्त करायला, म्हणजे आणखी प्रकाशाने परिणाम वाढणार नाही इथवर न्यायला, काही मायक्रोजूल पुरतात. मिलिजूलभर प्रकाश ओतला तर रेषा रुंदावते, तिचा माथा सपाट होतो आणि डाय लेझरमधून मुख्य रेषेबरोबर निघणारा पसरट प्रकाशही अणूंना उत्तेजित करू लागतो. मग तरंगलांबी सरकवल्यावर संकेत कोसळायला हवा, तो कोसळत नाही. म्हणून करड्या फिल्टरांनी डाय लेझर टप्प्याटप्प्याने मंद करत जावे आणि रेषेची रुंदी घटायची थांबेल त्याच्या थोडे खाली काम करावे.

३५५ च्या किरणाची गोष्ट वेगळी आहे. उत्तेजित अणूतून इलेक्ट्रॉन सोडवण्याची शक्यता पहिल्या टप्प्यापेक्षा लाखो पटींनी कमी असते, त्यामुळे तिथे खरोखरच ऊर्जा लागते. आयनीभवन संपृक्त करायला प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे ५० मिलिजूल हवेत असे धरले, तर ३ मिलिमीटर व्यासाच्या न गोळा केलेल्या किरणात पल्समागे ४ मिलिजूल झाले. इथे एक सुंदर सोय निसर्गानेच करून ठेवली आहे. हवा असलेला संकेत ३५५ च्या ऊर्जेच्या सम प्रमाणात वाढतो आणि नको असलेला द्विफोटॉन संकेत तिच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे ऊर्जा निम्मी केली की खरा संकेत निम्मा होतो, पण खोटा पाव होतो. संकेत थोडा लहान झाला तरी चालेल, पण पार्श्वभूमी स्वच्छ असली पाहिजे, हे माझे ठाम मत आहे.

दोन्ही पल्स एकाच क्षणी पोहोचतात की नाही हे तपासल्याचा उल्लेख तुमच्या वर्णनात नाही. कॅल्शियमची ती उत्तेजित अवस्था सरासरी ४.६ नॅनोसेकंदच टिकते. डाय लेझरची पल्स पंपाच्या पल्सनंतर किंचित उशिरा तयार होते आणि डाय लेझरच्या आत तिचा बराच प्रवास होतो, तर उरलेला ३५५ चा किरण जवळच्या वाटेने आधीच चेंबरमध्ये पोहोचून निघून जातो. अणू उत्तेजित व्हायच्या आत आयनीभवनाचा प्रकाश संपलेला असतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, एवढे एकच माप मनात ठेवून टेबलावर काम करता येते. चेंबरच्या खिडकीजवळ पांढरे कार्ड धरावे, त्यावरून विखुरलेला प्रकाश वेगवान फोटोडायोडवर घ्यावा आणि आधी एक किरण, मग दुसरा, अशा दोन्हींच्या पल्स ऑसिलोस्कोपवर पाहाव्यात. ट्रिगर दोन्ही वेळी एकाच ठिकाणाहून घ्यावा आणि मध्येच केबल बदलू नये, कारण साध्या केबलच्या दर मीटरमागे ५ नॅनोसेकंदांचा फरक पडतो. ३५५ ची पल्स ६ नॅनोसेकंद आधी येत असेल, तर दोन आरसे टेबलाच्या टोकाला नेऊन तिची वाट १ मीटर ८० सेंटिमीटरने लांबवावी. ती डाय पल्सच्या बरोबर किंवा १-२ नॅनोसेकंद मागून आली की काम झाले. योग्य रेषेवर असूनही ४० चे शिखर वाढत नसेल, तर सर्वांत आधी हेच तपासावे.

२३, ३९ आणि ४१ या शिखरांबद्दल तुम्ही फारशी चिंता व्यक्त केलेली नाही, पण ती समजून घेण्याजोगी आहेत. २३ म्हणजे सोडियम. ३९ आणि ४१ म्हणजे पोटॅशियम असावे, पण तसे गृहीत धरू नये. निसर्गात पोटॅशियम-३९ चे प्रमाण ९३.३ टक्के आणि पोटॅशियम-४१ चे ६.७ टक्के आहे, म्हणजे ३९ चे शिखर ४१ च्या सुमारे १४ पट हवे. तुमचे गुणोत्तर २ किंवा ३ येत असेल, तर ती पोटॅशियमची शिखरे नसून पंपाच्या तेलातील हायड्रोकार्बनचे तुकडे आहेत आणि मग ४३, ५५, ५७ या ठिकाणीही काहीतरी दिसेल. असे असेल तर ४० च्या शिखरातही तेलाचा अंश मिसळलेला असू शकतो. ही शक्यता भट्टी थंड ठेवून, फक्त लेझर चालवून, लगेच पडताळता येते.

सोडियम आणि पोटॅशियम आपल्या बोटांच्या घामातून येतात. भट्टीचे भाग उघड्या हाताने धरले की ते कित्येक दिवस वर्णपटात राहतात. शिवाय तापलेल्या धातूवरून उडताना या अणूंचा काही भाग आपोआप आयन होऊनच निघतो. मेघनाद साहांनी १९२० मध्ये ताऱ्यांच्या वातावरणासाठी जे समीकरण मांडले, त्याचेच भावंड असलेले साहा-लँगम्युअर समीकरण या पृष्ठभागावरील आयनीभवनाला लागू पडते. आयनीभवन ऊर्जा जितकी कमी आणि धातूचे कार्यफल (त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा) जितके जास्त, तितके आयन अधिक. हे आयन लेझरशी ताळमेळ न ठेवता सतत येत राहतात आणि पडद्यावर शिखराऐवजी सर्वदूर पसरलेली खरखर दिसते. भट्टीच्या तोंडापुढे धन व्होल्टेजची एक जाळी ठेवली तर त्यांना परतवता येते. भट्टी आधी काही तास कमी तापमानाला ठेवली, तर पोटॅशियम आणि सोडियम उडून जातात आणि कॅल्शियम मागे राहते.

ही अशुद्धी पूर्ण घालवू नये, असेही मी म्हणेन, कारण ती उत्तम मोजपट्टी आहे. आयनाचा उड्डाणकाळ वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. तुमच्या २००० व्होल्ट आणि १ मीटरच्या नळीत सोडियम सुमारे ७.७२ मायक्रोसेकंदांत पोहोचेल, पोटॅशियम-३९ ला १०.०५, कॅल्शियम-४० ला १०.१८ आणि पोटॅशियम-४१ ला १०.३१ मायक्रोसेकंद लागतील. वेग घेण्याच्या भागातला थोडा वेळ यात मिळवावा लागतो, म्हणून २३ आणि ३९ या दोन ओळखीच्या शिखरांवरून आपले अंशांकन ठरवावे आणि ४० व ४१ नेमके तिथेच पडतात का ते पाहावे. शेजारच्या दोन वस्तुमानांत १३० नॅनोसेकंदांचेच अंतर आहे, त्यामुळे शिखराची रुंदी ५० नॅनोसेकंदांच्या आत हवी. लेझरच्या किरणाला जाडी असते. ३ मिलिमीटरच्या पट्ट्यात वेगवेगळ्या ठिकाणी जन्मलेल्या आयनांना वेगवेगळी ऊर्जा मिळते. यावर विली आणि मॅकलॅरेन यांनी १९५५ मध्ये दिलेला दोन विद्युतक्षेत्रांचा उपाय आजही वापरला जातो: पहिल्या जाळीचे व्होल्टेज बारकाईने बदलत जावे, मागे जन्मलेले वेगवान आयन पुढे जन्मलेल्यांना डिटेक्टरवरच गाठतात आणि शिखर एकदम बारीक होते.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट. ८०० केल्विनला, म्हणजे सुमारे ५२७ अंश सेल्सियसला, कॅल्शियमचे अणू सरासरी ६५० मीटर प्रति सेकंद वेगाने उडतात. अणूंची वाट नळीशी काटकोनात असेल, तर १० मायक्रोसेकंदांच्या उड्डाणात आयन साडेसहा मिलिमीटर बाजूला सरकतो. मायक्रोचॅनल प्लेट लहान असेल तर निम्मे आयन काठाबाहेर पडतात. नळीच्या सुरुवातीला दोन समांतर पट्ट्या बसवून काही व्होल्टने ही वाट सरळ करावी.

दुसरा प्रश्न समस्थानिकांचा. होय, प्रमाण काढता येईल, पण सगळ्यांचे नाही. निसर्गात कॅल्शियम-४० चे प्रमाण ९६.९४ टक्के, ४४ चे २.०९, ४२ चे ०.६५, ४८ चे ०.१९ आणि ४३ चे ०.१४ टक्के आहे; ४६ तर ०.००४ टक्केच. ४० आणि ४४ यांच्यापासून सुरुवात करावी. त्यांचे खरे गुणोत्तर ४६.५ आहे. पहिल्या प्रयत्नात तुम्हाला २० किंवा १५ मिळेल, असे मी आताच सांगू शकतो, कारण ४० चे शिखर डिटेक्टरला दमवते. मायक्रोचॅनल प्लेटच्या बारीक नळ्यांत एकाच वेळी फार आयन आले की तिचा प्रतिसाद मागे पडतो, आणि ४४ मात्र प्रामाणिक मोजला जातो. भट्टीचे तापमान कमी करत जावे आणि गुणोत्तर स्थिर होईपर्यंत थांबावे. स्थिर झालेली किंमतच खरी.

त्यापेक्षा सूक्ष्म चूक लेझरच्या रेषारुंदीतून येते. जड समस्थानिकांची रेषा किंचित सरकलेली असते: ४० च्या तुलनेत ४४ ची सुमारे ०.७७ गिगाहर्ट्झने आणि ४८ ची सुमारे १.५ गिगाहर्ट्झने. तुमच्या भट्टीतील वाफेत डॉप्लर परिणामाने (अणूंच्या वेगवेगळ्या वेगांमुळे) रेषा सुमारे २.३ गिगाहर्ट्झ रुंद होते आणि लेझर स्वतः ३ गिगाहर्ट्झ रुंद असेल, तर सगळे समस्थानिक साधारण सारखेच उत्तेजित होतात. म्हणजे प्रकाशाने मूलद्रव्य निवडायचे आणि समस्थानिक वेगळे करायचे काम मास स्पेक्ट्रोमीटरवर सोपवायचे, ही वाटणी तुमच्या उपकरणांना अगदी योग्य आहे. उद्या कोणी डाय लेझरमध्ये एटालॉन (ठराविक तरंगलांबीच जाऊ देणारा प्रकाशीय भाग) घालून रेषा अरुंद करण्याचा सल्ला देईल. वर्णपट पाहायचा असेल तर तो सल्ला चांगला आहे, पण समस्थानिकांचे प्रमाण मोजताना तो घातक ठरतो, कारण ४० च्या माथ्यावर बसलेला अरुंद लेझर ४४ आणि ४८ यांना कमी उत्तेजित करतो आणि प्रमाण आपल्याही नकळत वाकते. ४३ या विषम समस्थानिकाला अणुकेंद्राची फिरकी (स्पिन) असल्यामुळे तो प्रकाशाच्या ध्रुवणाला इतरांपेक्षा वेगळा प्रतिसाद देतो; त्याच्या आकड्यावर सुरुवातीला निष्कर्ष काढू नये.

संवेदनशीलतेची मर्यादाही इथे स्पष्ट सांगायला हवी. सेकंदाला १० पल्स म्हणजे दोन पल्समध्ये अणू ६५ मीटर पुढे जातो, आणि लेझरचा पट्टा ३ मिलिमीटरचा आहे. सुमारे २० हजार अणूंमागे एकालाच लेझर भेटतो. याच कारणाने मोठ्या प्रयोगशाळांत सेकंदाला हजारो पल्स देणारे लेझर वापरतात. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात आणि ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात तांब्याच्या वाफेचे लेझर विकसित केले गेले, त्यामागे हाच विचार होता. १९७१ मध्ये सोव्हिएत संघात लेतोखोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुबिडियमचे दोन टप्प्यांत आयनीभवन करून दाखवले, १९७७ मध्ये अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेत हर्स्ट यांच्या गटाने सिझियमचा एकच अणू ओळखला, आणि २०१३ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या युरोपीय प्रयोगशाळेच्या आयसोल्डे विभागात ॲस्टेटीनची आयनीभवन ऊर्जा ९.३१७५ इलेक्ट्रॉनव्होल्ट असल्याचे याच पद्धतीने ठरले. ते मूलद्रव्य तर वजन करता येईल इतके कधी हाती लागलेलेच नाही. तुमच्या टेबलावर जे दोन किरण एकमेकांना छेदत आहेत, ते याच घराण्यातले आहेत.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडे दूरचे आहे. आयनीभवन ऊर्जा मोजायची तर दुसऱ्या टप्प्यासाठी ३५५ चालणार नाही. तिथे तरंगलांबी बदलता येणारा दुसरा डाय लेझर हवा. उत्तेजित अवस्थेपासून कॅल्शियमची आयनीभवनाची सीमा निर्वातातील ३८९.८ नॅनोमीटरवर आहे. पण आयन ओढून घेण्यासाठी आपण जे विद्युतक्षेत्र लावतो, ते सीमाच खाली खेचते. प्रति सेंटिमीटर २०० व्होल्टचे क्षेत्र असेल, तर सीमा प्रति सेंटिमीटर सुमारे ८७ तरंगसंख्येने उतरते आणि संकेत ३९१.१ नॅनोमीटरवरच सुरू होतो. हे घसरणे क्षेत्राच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते, म्हणून चार-पाच वेगवेगळ्या क्षेत्रांवर सीमा मोजून आलेखाची रेषा शून्य क्षेत्रापर्यंत मागे न्यावी. किंवा पल्सच्या वेळी क्षेत्र शून्य ठेवून काही शेकडो नॅनोसेकंदांनंतर ते लावावे, मग सीमेखालच्या रिडबर्ग अवस्थांची (इलेक्ट्रॉन जेमतेम बांधलेला असतो अशा अवस्थांची) मालिकाही स्वतंत्रपणे दिसते.

आता कोल्हापूरच्या हवेविषयी. जून ते सप्टेंबर चेंबर उघडण्याचे टाळता आले तर टाळावे. कॅल्शियमचा चकाकता तुकडा पावसाळी हवेत काही तासांतच पांढरट पडतो. त्यावर बसलेल्या ऑक्साइडच्या आणि हायड्रॉक्साइडच्या थरामुळे भट्टी नेहमीच्या तापमानाला काहीच देत नाही, आणि अधीर होऊन तापमान वाढवले की थर फुटून वाफेचा लोट येतो आणि जाळ्यांवर धातू बसतो. तुकडा आर्गॉनमध्ये ठेवावा, पृष्ठभाग खरवडून लगेच भट्टीत घालावा आणि तासाभरात पंप चालू करावा. मायक्रोचॅनल प्लेट पाणी शोषते, म्हणून चेंबर उघडल्यानंतर निदान एक दिवस पंप चालवल्याशिवाय आणि दाब मिलिबारच्या दहा लाखाव्या भागाखाली गेल्याशिवाय तिला व्होल्टेज देऊ नये. वीज अचानक जाणे आपल्याकडे नवे नाही. वीज जाताच आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह पंपाच्या तोंडाशी हवाच.

नवे फ्लँज (नळ्या आणि चेंबर जोडण्याच्या चकत्या) कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून घेणार असाल, तर तिथले टर्नर ओतीव लोखंडावर आणि स्टीलवर डोळे झाकून विश्वास ठेवावा असे काम करतात, पण निर्वाताची गरज त्यांना आपण सांगावी लागते. माझ्या एका चेंबरमध्ये दाब महिनाभर एका आकड्याखाली उतरेना आणि हेलियमने तपासूनही गळती सापडेना. शेवटी कारण निघाले आतल्या बाजूला पाडलेल्या, तळ बंद असलेल्या आट्याच्या भोकांत. स्क्रूच्या टोकाखाली अडकलेली हवा आणि कटिंग ऑइलचा थेंब आट्यांमधून हळूहळू पाझरत होते. नंतर प्रत्येक स्क्रूला मधोमध १ मिलिमीटरचे आरपार भोक पाडून घेतले, भाग ॲसिटोनने धुतले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दाब दहापट खाली आलेला होता. आतला प्रत्येक स्क्रू आरपार भोकाचा असावा, हे चित्रावर लाल शाईने लिहून द्यावे.

३५५ नॅनोमीटरचा किरण डोळ्यांना दिसत नाही आणि तुम्ही आता आरसे सरकवून त्याची वाट लांबवणार आहात, म्हणून त्या तरंगलांबीसाठी खात्रीचा असलेला चष्मा घातल्याशिवाय आणि लेझरची ऊर्जा अगदी कमी केल्याशिवाय एकही आरसा हलवू नये. डाय लेझरचा द्राव मिथेनॉलमध्ये असेल तर हातमोजे घालावेत आणि खिडकी उघडी ठेवावी.

उद्या सकाळी भिंग काढून ३५५ ची ऊर्जा ४ मिलिजूलवर आणावी, दोन्ही पल्सची वेळ जुळवावी आणि डाय लेझर वेव्हमीटरवर ४२२.७७ पासून ४२२.८१ पर्यंत सावकाश, ०.००२ नॅनोमीटरच्या पावलांनी न्यावा. ४२२.७९ च्या आसपास ४० चे शिखर उठले, की तिथेच थांबून वर सांगितलेल्या पाचही नोंदी घ्याव्यात आणि ३९ व ४१ यांच्या क्षेत्रफळांसह मला पाठवाव्यात. त्या हाती आल्यावर ४४ च्या शिखरासाठी भट्टीचे तापमान किती ठेवायचे हे आपल्याला नेमके ठरवता येईल.